उभ्या पिकअपची थरथर

जुनी डिझेल पिकअप रस्त्यावर गुमान पळते आणि सिग्नलला उभी राहिली की आरशांसकट थरथरते. कारण साध्या हिशेबात आहे. मिनिटाला ७५० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २५ ठोके पडतात. एक सिलिंडर आळसावला की दर चौथा ठोका हुकतो. वेगात फ्लायव्हील ती तूट झाकून नेतं, आयडलिंगला तेवढा जोर नसतो.

मिस्त्री लगेच पंप उतरवायला निघाला तर थांबवा. ते काम खर्चिक, म्हणून काहींचं लाडकं. आवाज एकसारखा आणि हादरा फक्त केबिनमध्ये असेल, तर बहुधा इंजिनाच्या फाउंडेशनचं रबर बसलेलं असतं. फिल्टरमधलं पाणी, लाइनने धरलेली हवा हेही आधी पाहावं. मग खरी परीक्षा. चालू इंजिनात एकेका नोझलच्या पाइपाचा नट पान्याने किंचित सैल करायचा. ठोका बिघडला, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच! त्याचं नोझल दुसऱ्या सिलिंडरवर, तांब्याचा नवा वायसर घालून, लावून पाहा. दोष जागचा हलला नाही, तर कॉम्प्रेशन मोजावं.

कॉमन रेल गाडीवर मात्र नटाला हात लावू नका. शेकडो बार दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.