जुने इंजिन घेताना आधी कान, मग खिसा

तालुक्याचे गाव असो की शहर, जुन्या जीपची हौस असलेली तरुण मुले हल्ली बरीच भेटतात. कुणी पगारातून पैसे बाजूला टाकलेले असतात, तर कुणी घरात न सांगता पतपेढीचे कर्ज काढलेले असते. मी कविता लिहिणारा माणूस. पण माझे अब्बा मिस्त्री होते आणि माझे बालपण गॅरेजात गेले. म्हणून ही मुले माझ्याकडे विचारायला येतात. त्यांना जे सांगतो, तेच आज आपल्याला सांगतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे इंजिन ‘फ्लॅटहेड’ जातीचे. आपले मिस्त्री त्याला ‘साइड व्हॉल्व्ह’ म्हणतात. चार सिलिंडर, २.२ लिटर, ताकद ६० अश्वशक्ती. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये असतात. इथे ते सिलिंडरच्या शेजारी, खाली ब्लॉकमध्येच बसवलेले. त्यामुळे हेड म्हणजे नुसते सपाट झाकण. रचना साधी, दुरुस्ती सोपी. मात्र जळालेला तप्त वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडतो, म्हणून ब्लॉक फार तापतो. या इंजिनाचे बहुतेक दुखणे या उष्णतेतून येते.

इंजिन पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर ब्लॉकला हात लावा. तो गरम लागला, तर थंडपणी ते सुरू व्हायला त्रास देत असावे, असे समजा. थंड असेल तर रेडिएटरचे झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तेलाच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसला, तर गॅस्केट तरी गेले आहे किंवा ब्लॉक तरी तडकला आहे. अब्बा म्हणत, “रंग मालकाच्या बाजूने बोलतो, तेल खरं बोलतं.”

मग इग्निशन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना हँडलने इंजिन फिरवा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो. दोन पूर्ण फेऱ्यांत चार वेळा सारखा जोर लागला पाहिजे. एखाद्या वेळी हात रिकामा गेला, तर तो सिलिंडर दाब धरत नाही.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन गेज लावा. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आकडे कागदावर लिहा. चांगल्या इंजिनात ते शंभर पौंडांच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ असतात. एक आकडा पडला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा; नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. शेजारचे दोन्ही आकडे पडले असतील, तर मधले गॅस्केट फुटलेले असते.

रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट ही दुखणी पैशाने बरी होतात. तडकलेल्या ब्लॉकचे तसे नाही. बिडाला वेल्डिंग सहज धरत नाही. म्हणून मालक तयार असेल तर हेड उतरवून घ्या आणि व्हॉल्व्हची बैठक व सिलिंडर यांच्यामधली चिंचोळी जागा भिंगाने तपासा. तडा बहुधा तिथेच असतो, केसाएवढा. पिस्टनच्या माथ्यावर ४० किंवा ६० असा आकडा असेल, तर बोअर इंचाच्या तेवढ्या हजारांश भागाने मोठा केलेला आहे. साठनंतर बहुधा स्लीव्हच टाकावी लागते. तो खर्च किमतीत धरा.

इंजिन चालू झाल्यावर धूर पाहा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर पाणी आत जाते आहे. हलकी टिकटिक टॅपेटची असते, ती बाजूचे झाकण काढून जुळवता येते. पण खालून जड ठकठक आली आणि तापल्यावर ऑइल प्रेशरचा काटा कोसळला, तर बेअरिंगे गेली आहेत.

शेवटी कागद. ब्लॉकच्या पुढच्या भागात, उजवीकडे वर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केले असतील, तर तो मान मिळत नाही. क्रमांक घासलेला दिसला, तर इंजिन कितीही गोड चालू दे, तिथून उठा.

हे सगळे एकट्याने जमेल असे नाही. साइड व्हॉल्व्ह हाताळलेले मिस्त्री आता थोडे उरलेत. विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला, असा एखादा म्हातारा मिस्त्री शोधा, त्याला सोबत न्या आणि त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी त्याच्या हातावर ठेवा, सौदा होवो अगर न होवो. तो ‘नको’ म्हणाला, तर ती मजुरी सगळ्यात सत्कारणी लागली असे समजा.