अलोऱ्याची नदी व तिच्या काठची शेती

कोकणातील नदी देशावरील नदीसारखी शेकडो कोस संथ चालत जाणारी नव्हे. सह्याद्रीच्या कड्यावरून खाली उतरावे, थोडेसे कोस धावावे आणि खाडीस मिळावे, एवढाच तिचा प्रवास. वाशिष्ठी ही अशाच नद्यांपैकी एक होय. तिवऱ्याच्या बाजूस सह्याद्रीत ती उगम पावते, चिपळुणावरून पश्चिमेस वाहते आणि दाभोळच्या खाडीने समुद्रास मिळते. तिच्या वरच्या खोऱ्यात, चिपळुणाहून कराडकडे जाणारा रस्ता कुंभार्ली घाट चढू लागण्यापूर्वी, अलोरे हे गाव लागते. गाव लहान, परंतु कोकणातील शेतकऱ्याने ज्याचा विचार करावा असा एक प्रश्न तेथे जसा उघड दिसतो तसा अन्यत्र क्वचितच दिसेल. तो प्रश्न असा की, बारमाही पाणी दारावरून वाहत असता आपली शेते आठ महिने कोरडी का?

नदी पूर्वीची व आताची

अलोऱ्याच्या पाठीशी जो घाटमाथा आहे, त्याच्या पलीकडे पडलेला पाऊस कोयनेत जातो, कोयना कृष्णेस मिळते आणि ते पाणी अखेर पूर्व समुद्रास पोचते. अलीकडे पडलेला पाऊस एकदोन दिवसांत पश्चिम समुद्रास मिळतो. दोहोंमध्ये अंतर म्हणाल तर एका डोंगराच्या धारेचे. या बाजूस वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण तो बहुतेक सारा चार महिन्यांत, आणि उतरणीच्या जमिनीवर. त्यामुळे पऱ्ये व वहाळ घटकेत भरतात व घटकेत ओसरतात. अशा नदीस पावसाळ्यात पूर यावा आणि फाल्गुन-चैत्रात तिचे नुसते डोह उरावेत, हा तिचा मूळ स्वभाव होय.

हा स्वभाव मनुष्याने बदलला. घाटमाथ्यावर हेळवाकजवळ कोयनेस धरण बांधून तिचे पाणी शिवाजीसागर जलाशयात अडविण्यात आले. ते पाणी पूर्वेकडे न सोडता डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवावे आणि कड्याच्या उंचीचा लाभ घेऊन त्यावर वीज उत्पन्न करावी, अशी ही योजना आहे. पोफळी येथील भूमिगत वीजगृहात पाणी पावणेपाचशे मीटरांच्या आसपास खाली पडते आणि त्या जोराने चक्रे फिरतात. 1962 साली तेथे वीजनिर्मितीस आरंभ झाला. पुढे तेच पाणी पुन्हा उपयोगात आणावे म्हणून कोळकेवाडी येथे दुसरे धरण बांधले गेले. पोफळीहून सुटलेले पाणी तेथे साठते, आणखी शंभरांहून थोड्या अधिक मीटरांची उडी घेते व पुन्हा वीज देते. हा तिसरा टप्पा 1975 च्या सुमारास सुरू झाला. चौथ्या टप्प्यासाठी 13 मार्च 1999 रोजी जलाशयाच्या तळाशी भोक पाडून बोगद्यात पाणी घेण्यात आले आणि 25 एप्रिल 2012 रोजी तसाच प्रयोग दुसऱ्यांदा करण्यात आला. सर्व टप्पे मिळून या प्रकल्पाची शक्ती सुमारे 1,960 मेगावॅट आहे.

या कामांनीच अलोऱ्याचे रूप पालटले. भात, नाचणी व गुरे यांवर चालणाऱ्या गावाशेजारी प्रकल्पाची वसाहत उभी राहिली. कचेऱ्या, शाळा व दुकाने आली. घाटावरची व दूरदूरची माणसे तेथे नांदू लागली. दूध व भाजी यांस दारातच गिऱ्हाईक मिळाले. बांधकामाचे टप्पे संपत गेले तशी ती वर्दळ ओसरली. वसाहतीचे दिवस बांधकामाबरोबर सरतात. परंतु तिने मागे ठेवलेली एक गोष्ट अद्याप वाहते आहे. ती म्हणजे चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी. त्यास सर्वत्र अवजल असे म्हणतात. ते वाशिष्ठीत सोडले जाते आणि त्या ठिकाणापासून खाली नदी उन्हाळ्यातही वाहती राहते.

पाण्याचा हिशेब

कृष्णेच्या पाण्याची वाटणी करणाऱ्या बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यास वर्षास साडेसदुसष्ट अब्ज घनफूट अशी मर्यादा घालून दिली. हा आकडा ऐकून शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून तो आपल्या भाषेत मांडून पाहू. साडेसदुसष्ट अब्ज घनफूट म्हणजे सुमारे 191 कोटी घनमीटर. वर्षाच्या 365 दिवसांवर ते सारखे वाटले तर रोजचे सुमारे 52 लाख घनमीटर होतात.

आता पिकाची गरज पाहू. उन्हाळी भाजीपाल्यास दिवसाला सरासरी 5 मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका हेक्टरास 50 घनमीटर झाले. पाटात मुरणारे व वाया जाणारे तितकेच धरले, तर 100 घनमीटर. अवजलाचा शंभरावा हिस्सा जरी शेतीस मिळाला, तरी तो रोजचा 52 हजार घनमीटर होतो, आणि त्यावर सुमारे 520 हेक्टर, म्हणजे जवळजवळ तेराशे एकर जमीन उन्हाळ्यात हिरवी राहू शकेल. उरलेले नव्याण्णव भाग तरीही नदीतच राहतील. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने अलोऱ्याचे खोरे पाहिले नसेल. परंतु म्हण तेथे जशीच्या तशी लागू पडते. नदीकाठी बारमाही धार आणि वरच्या वाड्यांत वैशाखात डोक्यावर हंडे, असे विरोधी देखावे एकाच खोऱ्यात दिसावेत ही खेदाची गोष्ट होय.

पाणी शेतात का येत नाही

याचा सगळा दोष सरकारावर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. कालव्यांची व उपसा योजनांची मागणी जरूर करावी. तथापि आपल्याकडील अडचणीही मोकळेपणाने पाहिल्या पाहिजेत.

पहिली अडचण जमिनीच्या ठेवणीची. नदी खोल, शेते वर. मळे जमिनी काठाशी थोड्या. त्यांच्या वर कुर्याट, आणि त्याहून वर वरकस व कातळ. म्हणजे पाणी उपसल्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी अडचण खातेफोडीची. एका सातबाऱ्यावर अनेक नावे, त्यांतील निम्मी मुंबईस नोकरीला. एकेकाच्या वाट्यास काही गुंठे. इतक्याशा जमिनीसाठी एकट्याने पंप व नळ घेणे परवडत नाही. तिसरी अडचण मोकाट गुरांची. भात कापले की गुरे मोकळी सोडावयाची, ही आपली जुनी चाल आहे. जोवर सर्वांची शेते ओसाड असतात तोवर तीत कोणाचे बिघडत नाही. पण एकाने उन्हाळी पीक केले की सर्व वाडीची गुरे त्याच्या शेतात येतात, आणि पुढल्या वर्षी तोही हात आखडतो. यांतील दुसरी व तिसरी अडचण दूर करण्यास कोणत्याही सरकारी मंजुरीची आवश्यकता नाही.

चौथी अडचण नदीच्या नव्या स्वभावाची आहे. अवजल हे पावसाच्या पाण्यासारखे ऋतूप्रमाणे येत नाही. ते विजेच्या मागणीप्रमाणे येते. दिवे लागण्याच्या सुमारास मागणी वाढली की चक्रे अधिक चालतात आणि नदी चढते. मागणी उतरली की उतरते. सकाळी जेथे कोरडा वाळवंट दिसतो तेथे सायंकाळी पाणी असू शकते. म्हणून पात्रातील वाळूत वेल लावण्याचा मोह आवरावा, गुरे पात्रात बांधू नयेत आणि मुलांस पलीकडे एकटे धाडू नये. खाली चिपळुणाकडे नदीत मगरींचाही वावर आहे. तिकडे गुरांस पाणी पाजण्याची जागा उघळ व उघड्यावर असावी.

काय करता येईल

एक उदाहरण हिशेबाने मांडतो. पाच अश्वशक्तीचा पंप 10 मीटर उंचीवर पाणी चढवीत आहे आणि त्याची निम्मी शक्ती वाया जाते, असे समजू. तरी तो सेकंदास सुमारे 19 लिटर पाणी देतो. सहा तास चालला तर चार लाख लिटर, म्हणजे 400 घनमीटर होतात. वर धरलेल्या मापाने हे चार हेक्टरांस, म्हणजे सुमारे दहा एकरांस पुरते. आता दहा एकर एकाच्या हाती असणारे खातेदार त्या काठी किती निघतील? यास्तव पंप एकट्याचा नव्हे, लगतच्या आठदहा खातेदारांचा मिळून असावा. पाण्याची पाळी वार ठरवून द्यावी, विजेचा खर्च क्षेत्राप्रमाणे वाटावा आणि मुंबईकर भाऊबंदांकडून लागवडीपुरती लेखी संमती घ्यावी. नदीतून पाणी उचलण्यास पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. तीही गटाच्या नावे मागितलेली बरी.

पंप बसविताना जुन्या लोकांस पुराची खूण विचारावी. पंपघर त्या खुणेच्या वर, घट्ट जमिनीवर असावे. ते साधत नसेल तर पंप उचलून नेता येईल असा बसवावा आणि मृगापूर्वी घरी आणावा. नळाचे तोंड मात्र पाणी उतरते तेव्हाच्या पातळीखाली राहील असे ठेवावे. नाहीतर नदी उतरली की पंप हवा ओढू लागतो.

पीक जमिनीप्रमाणे निवडावे. भात कापल्यावर ओल टिकून असलेल्या जमिनीत कुळीथ, वाल, पावटा हे विनाखर्चाचे पीक आहेच. ते सोडू नये. काठच्या मळे जमिनीत वांगी, मिरची, भेंडी, काकडी व कलिंगड ही पिके घ्यावीत. चिपळुणाची बाजारपेठ जवळ आहे. माल सकाळी तोडून सकाळीच विकता येतो. थोड्या क्षेत्रात हिरवी वैरण अवश्य करावी. बांधलेल्या गुरास दावणीत चारा मिळाल्यावाचून मोकाट गुरांचा प्रश्न सुटणार नाही. वायंगणी भात मात्र पाणथळ, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरांतच करावे. तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत ते पाणी फार खाते व पदरात थोडे टाकते. ज्यांस खात्रीचे पाणी मिळेल त्यांनी घराजवळ नारळ, सुपारी व केळी लावाव्यात आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. जातीच्या व रोपांच्या बाबतीत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा. 1972 पासून ती संस्था याच जमिनींचा अभ्यास करीत आहे.

ज्या वाड्या नदीपासून उंच व दूर आहेत त्यांस अवजलाचा लाभ लवकर होणार नाही. त्यांनी आपल्या पऱ्यांवर पाऊस सरताच दगडमातीचे कच्चे बंधारे घालावेत. आश्विनात धार चालू असता घातलेला बंधारा विहिरींस आधार देतो; माघात घातलेल्या बंधाऱ्यास अडविण्यासारखे काही उरलेले नसते.

खालच्या गावाचे देणे

शेवटी एक गोष्ट वरच्या खोऱ्यातील शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चिपळुणात 26 जुलै 2005 रोजी आणि पुन्हा 22 जुलै 2021 रोजी महापूर आला. दुसऱ्या वेळी शहर पाण्याखाली गेले, घरे-दुकाने बुडाली, माणसे दगावली. त्या पुरात धरणाच्या पाण्याचा वाटा किती यावर मोठा वाद झाला. त्या वादात आम्ही पडत नाही. अतिवृष्टी, भरतीची वेळ आणि गाळाने उथळ झालेले पात्र ही तीन कारणे तर सर्वांस दिसणारी आहेत. पहिल्या दोहोंवर आपला इलाज नाही, तिसऱ्यावर आहे. पात्रातला गाळ पुढे काढण्यात आला. परंतु गाळ म्हणजे कोणाच्या तरी शेताची व डोंगराची माती होय. अलोऱ्याच्या वर उघड्या पडलेल्या वरकस जमिनीवरून जी माती सुटते, ती चिपळुणाच्या पुलाखाली जाऊन बसते. म्हणजे वरच्याचे धन जाते आणि खालच्यास संकट येते. यात लाभ कोणाचाच नाही.

म्हणून भाजावळीसाठी कवळ तोडताना झाड बोडके करू नये. उतारावर समपातळीत बांध घालून त्यांवर गवत राखावे. नाचणी-वरीच्या जुन्या जमिनी ओसाड टाकण्यापेक्षा त्यांत काजू लावावा. आणि नदीकाठची करंज, वाळुंज, निरगुडी व बांबूची बेटे कुऱ्हाडीपासून वाचवावीत. काठ धरून ठेवणारा त्यांच्याइतका स्वस्त रखवालदार दुसरा नाही.

हे अवजल मुंबईकडे न्यावे अशा योजनांची चर्चा वेळोवेळी होत आली आहे. शहरास पाणी लागते, हे कोणी नाकारणार नाही. परंतु जे पाणी आपण वापरीतच नाही, त्यावर उद्या आपला हक्क कोणत्या तोंडाने सांगावयाचा? मागणीच्या अर्जापेक्षा काठावर उभे असलेले पीक अधिक बोलते. यंदा भात झोडून झाले की लगतच्या खातेदारांनी एक दिवस बांधावर एकत्र बसावे, कोणाची किती जमीन लागवडीस येते ते लिहून काढावे आणि गुरे बांधण्याविषयी वाडीचा ठराव करावा. नदी आपल्या बाजूने बारमाही झाली आहे. आता शेतकऱ्याने बारमाही व्हावयाचे राहिले आहे.