वाटाण्याच्या दोन वाट्या

आमचा बचत गट पेठ वडगावचा. एरवी आम्ही कर्ज, हप्ते, व्याज यांवर बोलतो. आज आपल्या मुलींच्या विज्ञानाच्या अभ्यासाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, त्यातलं आम्हाला काय कळतं? आधी ऐका, मग ठरवा.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व परिवर्तन' असा एक पाठ आहे. आमच्या गटातल्या एका वहिनींची मुलगी तो मोठ्याने पाठ करत होती. "स्त्रीमध्ये एक्स-एक्स, पुरुषामध्ये एक्स-वाय." एक चूक नाही. त्याच घरात तिच्या काकूला दुसरी मुलगी झाली होती आणि आजी काकूला बोल लावत होती. आम्ही पोरीला सहज विचारलं, "मुलगा की मुलगी, हे कुणाकडून ठरतं गं?" ती म्हणाली, "बाईकडूनच की." पाठ केलेलं वहीत राहिलं आणि घरात ऐकलेलं डोक्यात बसलं.

म्हणून पुढच्या बैठकीला आम्ही गटातल्या नववीच्या चार मुलींना बोलावलं आणि दोन वाट्या मांडल्या. एक आईची, तिच्यात 40 पांढरे वाटाणे. दुसरी बापाची, तिच्यात 20 पांढरे आणि 20 हिरवे. पांढरा म्हणजे एक्स, हिरवा म्हणजे वाय. दोन्हींचा आकार सारखाच हवा, नाहीतर बोटांना कळतं. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एक-एक वाटाणा काढायचा. दोन्ही पांढरे आले तर मुलगी, एक पांढरा एक हिरवा आला तर मुलगा. वहीत लिहायचं, वाटाणे परत टाकायचे, ढवळायचं आणि पुन्हा काढायचं.

पण वाटीत हात घालण्याआधी एक नियम होता. आधी अंदाज सांगायचा, आणि तो का, तेही सांगायचं.

प्रत्येकीने 10 वेळा काढलं. एकीला 7 मुली आल्या, दुसरीला 4, तिसरीला 5, चौथीला 6. पहिलीला सुरुवातीलाच ओळीने तीन मुली आल्या, तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, "आता चौथा पोरगाच बघ." चौथीही मुलगीच निघाली! आम्ही विचारलं, "मावशी, मागच्या खेपेला काय निघालं ते वाटाण्याला ठाऊक असतं का?" सगळ्या हसल्या. मग एक पोर आपणहून म्हणाली, "पण आईच्या वाटीत हिरवा वाटाणाच न्हाई. मग पोरगा ती देणार कुठनं?" बैठक एकदम गप्प झाली. जिला तीन मुलींवरून बोलणी खावी लागली होती, त्या आक्कांनी डोळ्याला पदर लावला.

शरीराचा हिशेब असाच आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. त्यातल्या एका जोडीवरून मुलगा की मुलगी हे ठरतं. आईकडून बाळाला नेहमी एक्सच मिळतो. बापाकडून एक्स मिळेल किंवा वाय. पण म्हणून बापालाही बोल लावायचा नाही. कुठला मिळावा हे त्याच्या हातात नसतं, आणि ते कुठल्या औषधाने किंवा उपासानेही ठरत नाही.

हे शोधणाऱ्यांत एक बाई होत्या, हे आम्हाला फार आवडलं. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकेतल्या बाई आधी शाळेत शिकवायच्या. 1905 साली त्यांनी पिठात होणाऱ्या एका किड्यावर काम करून दाखवलं, की फरक नराच्या बीजात असतो. त्याआधी मेंडेल यांनी आनुवंशिकतेचे नियम मांडले, ते वाटाण्याच्या रोपांवरून. पीठ आणि वाटाणा दोन्ही आपल्याच घरातले.

या शिकण्याला कृतियुक्त शिक्षण म्हणतात. आधी अंदाज, मग करून बघणं, मग नोंद आणि शेवटी आपल्या शब्दांत सांगणं. यातली पहिली पायरी आपण नेहमी गाळतो. अंदाज सांगितला की मनातली चुकीची समजूत बाहेर येते. बाहेर आली तरच ती दुरुस्त होते. नुसत्या पाठांतराने ती आत तशीच राहते. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून शाळेतलं विज्ञान चांगलं शिकवलं जावं यासाठी काम करत आहे. आपल्याला मात्र सुरुवातीला दोन वाट्या पुरतात.

यात मार्कांहून मोठं काही अडकलेलं आहे. निसर्गाने 1000 मुलगे जन्मतात तेव्हा साधारण 950 मुली जन्मतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुली 2001 च्या जनगणनेत 1000 मुलग्यांमागे 839 होत्या, 2011 मध्ये 863. ही तूट वाटीतली नाही, ती माणसांनी केलेली आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्रात 1988 साली आणि देशात 1994 साली कायदा झाला. पण आजीच्या तोंडचा बोल कायद्याने थांबत नाही. तो नववीतली नात थांबवू शकते, पण तिला नीट कळलेलं असेल तरच.

तर मैत्रिणींनो, तीन कामं करा. एक, पुढच्या बैठकीत हा खेळ मांडा आणि तो मुलींनाच शिकवू द्या. सासूबाईंनाही बोलवा. दोन, घरात विरजण लावताना तीन वाट्या करा: कडकडीत, कोमट आणि फ्रीजमधलं गार दूध. "दही कशात लागेल?" हे मुलांना आधी विचारा, उत्तर सांगू नका. सकाळी त्यांनीच बघू दे. दह्याचे जंतूही नववीच्याच पुस्तकात आहेत. तीन, शाळेच्या पालक सभेला गेल्यावर किती मार्क पडले एवढंच विचारू नका. "या महिन्यात मुलांनी स्वतः काय करून पाहिलं?" हेही विचारा. बाई-सरांना साहित्य हवं असेल तर वाटाणे, मटकी, दूध आपण देऊ.

त्या वहिनींच्या घरी मुलीने दोन वाट्या घेऊन आजीला बसवलं. आजींनी पाच वेळा वाटाणे काढले, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी काकूच्या बाळीला स्वतः न्हाऊ घातलं.