सरफोजी राजे आणि तंजावरचा बँड

लष्करी बँड हा मुळात फौजेचा अवयव होय. कवायती पलटणीने पावले एका लयीत टाकावीत, कूच लांबले तरी शिपायांची चाल विसकटू नये, यासाठी युरोपात मार्च हा वादनप्रकार वाढला. आणि जेथे फौज तेथे बँड असा क्रम रूढ झाला. तंजावरच्या मराठी दरबारात मात्र हा क्रम पाळला गेलेला दिसत नाही. तेथील बँड ज्या राजाच्या पदरी नांदला, त्या दुसऱ्या सरफोजींजवळ (१७७७–१८३२) स्वतःची लढाऊ फौज अशी उरलेलीच नव्हती.

तंजावरचे भोसले हे शहाजीराजांचे वंशज. पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत मोडत. आज ज्या इंदापूर तालुक्यात वरकुटे हे गाव आहे, त्याच मुलखातील घराण्याची व्यंकोजीराजांनी स्थापिलेली ही शाखा १६७६ च्या सुमारास कावेरीकाठी स्थिर झाली. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये सरफोजींस दत्तक घेतले, तथापि त्याच वर्षी तुळजाजींचे निधन होऊन गादी अमरसिंहाकडे गेली. पुढे श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली सरफोजींचे मद्रासेत शिक्षण झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले. आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती जाऊन त्यांच्याकडे किल्ला, नेमणूक आणि महसुलाचा ठरलेला हिस्सा एवढेच राहिले. राज्यकारभारातून मोकळे झालेले हे कर्तृत्व ग्रंथसंग्रह, मुद्रण, वैद्यक आणि संगीत यांकडे वळले. बिशप हेबर यांनी १८२६ मध्ये राजांची भेट घेतली, तेव्हा त्यांना लाव्हाझिए आणि लिनीअस यांची नावे सहज घेणारा राजा दिसला, हे त्यांनीच नमूद करून ठेविले आहे.

त्या काळचा बँड आजच्या पितळी बँडहून बराच निराळा होता. पितळी वाद्यांस झडपा बसविण्याची युक्ती जर्मनीत १८१५ च्या आसपास निघाली. तोपर्यंत हॉर्न अथवा ट्रंपेट यांतून ठरावीक निसर्गसिद्ध स्वरच निघत. त्यामुळे सुरावटीचा सारा भार क्लॅरिनेट, ओबो, फाइफ अशा लाकडी वाद्यांवर पडे, बसून खालचा स्वर धरी, आणि पितळी वाद्ये भरणा करीत. मोठा ढोल आणि झांजा ही तर तुर्की फौजेच्या वाद्यवृंदातून अठराव्या शतकात युरोपियनांनी उचललेली. आपल्या नगारखान्याचेही नाते पश्चिम आशियाच्या याच परंपरेशी पोहोचते. म्हणजे बँडचा ढोल तंजावरास आला तो अगदीच परका म्हणून आला, असे म्हणवत नाही.

परके होते ते लिहिलेले संगीत. बँडमध्ये प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाट्याचा कागद असतो; एकाचा कागद दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, आणि सर्व कागद एकत्र वाजल्याखेरीज रचना पुरी होत नाही. गुरुमुखातून आलेली चीज स्वतः खुलविणाऱ्या कलावंतास ही शिस्त विलक्षणच वाटावी. पाश्चात्त्य स्वरलेखनातील असे साहित्य सरफोजींच्या संग्रहातून सरस्वती महालात आले. दरबारातील वराहप्प दीक्षित यांनी मद्रासच्या इंग्रज वादकांकडून व्हायोलिन आणि पियानो आत्मसात केल्याचे परंपरा सांगते.

या संपर्कातून दक्षिणेने काय घेतले आणि काय सोडले, हा खरा महत्त्वाचा प्रश्न होय. स्वरसंवादाची रचना, म्हणजे निरनिराळे स्वर एकाच वेळी वाजवून उभारलेला डोलारा, तिने घेतला नाही. रागाचा जीव एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्यात असतो. खाली दुसरे स्वर अढळ उभे राहिले की गमकाला जागा उरत नाही. वाद्ये मात्र तिने घेतली. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसल्याने बोट हवे तसे घसरते, म्हणून ते गायकाच्या साथीस इतके बेमालूम बसले. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी यांचा या कामी मोठा वाटा आहे. स्वतः मुत्तुस्वामींनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसविले. ‘नोट’ शब्दावरून त्यांस ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. त्यांतली एक चाल तर इंग्लंडच्या राजस्तवनाची आहे! या रचना शंकराभरणात आहेत, कारण तिकडचा मेजर स्वरग्राम आणि शंकराभरणाचे स्वर जुळतात; परंतु त्यांत गमक जवळजवळ नाही. मार्चची चाल शंकराभरणात आली, पण राग होऊन आली नाही.

सरफोजींच्या मराठी नृत्यरचना ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतील प्रत्येक निरूपणात एका कथानकाभोवती अनेक प्रकारची पदे एकाच रागात आणि एकाच तालात गुंफलेली आढळतात. आरंभापासून अखेरीपर्यंत एकच सूर धरण्याची ही तऱ्हा बँडच्या सहवासातून आली, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे होईल. देशी प्रबंधपरंपरेतही तिची बीजे सापडतील. तरी जो राजा रोज दोन्ही प्रकारचे संगीत ऐकत होता, त्याच्या कानांत भिंत उभी असेल असे मानणेही अवघडच. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे बंधू नृत्याच्या कार्यक्रमाचा क्रम घडवीत होते, आणि त्यांपैकी वडिवेलू व्हायोलिनवादक म्हणूनही नावाजले गेले.

१८३२ मध्ये सरफोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये औरस पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. दरबारचा आश्रय तुटताच कलावंतांना अन्यत्र पोट भरणे भाग पडले. वाद्ये मात्र दक्षिणेत रुळली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव नट्टुवनार यांनी देवदासींच्या नृत्याच्या साथीस क्लॅरिनेट आणले, आणि पलटणीच्या पुढे चालणारे ते वाद्य नर्तकीच्या मागे उभे राहून वर्णम् वाजवू लागले.