उर्मिला आणि आत्मनिवेदन

महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या मुलांना आता काही ठिकाणी, विशेषतः परदेशी विद्यापीठांत, गुणपत्रिकेबरोबर स्वतःविषयीचे निवेदनही पाठवावे लागते. मुले गोंधळतात. 'आमच्या आयुष्यात सांगण्याजोगे घडलेच काय?' असे विचारतात. अशा वेळी शिक्षकाने साहाय्य करावे ते किती आणि कसे? या प्रश्नापाशी मला झाशीजवळच्या चिरगावचे स्मरण होते.

१८८६ साली चिरगावी मैथिलीशरण गुप्त जन्मले. त्यांचे शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटले. पुढचे घरीच झाले. आरंभी ते व्रजभाषेत, रूढ वळणाची कविता करीत. महावीरप्रसाद द्विवेदी तेव्हा झाशीस रेल्वेच्या नोकरीत होते आणि १९०३ पासून 'सरस्वती' मासिकाचे संपादकही झाले होते. या तरुणाला त्यांनी खडी बोलीकडे, म्हणजे ज्या हिंदीत लोक गद्य लिहीत त्या भाषेकडे वळविले. त्याच्या रचना ते कसून तपाशीत.

१९०८ साली द्विवेदींनी 'सरस्वती'त एक लेख लिहिला. रामकथा गाणाऱ्या कवींनी लक्ष्मणाच्या उर्मिलेची उपेक्षा का केली, असा त्यातला प्रश्न होता. तो प्रश्न शिष्याच्या मनात रुजला आणि १९३१ साली 'साकेत' हे महाकाव्य प्रकाशित झाले. त्यात उर्मिलेला वाणी लाभली. गुरूने रिकामी जागा दाखविली. ती भरली मात्र शिष्याने, तीही तेवीस वर्षांनी.

प्रत्येक विद्यार्थ्याच्या जीवनातही अशी एखादी उर्मिला असते. आईच्या आजारपणात घर सांभाळून, धाकट्या भावाचा अभ्यास घेणारी मुलगी निवेदनात वक्तृत्वस्पर्धेतील ढालच नोंदविते; घरातील ते दिवस तिला सांगण्यासारखे वाटत नाहीत. शिक्षकाने तिला एवढेच विचारावे: 'त्या दिवसांत तू स्वतःचे पुस्तक केव्हा उघडीत होतीस?' उत्तर देता देता तिचे तिलाच काही गवसेल.

येथे दोन मोह टाळावयास हवेत. पहिला, दुःखाचे प्रदर्शन मांडण्याचा. दुसरा, वाक्ये आपणच रचून देण्याचा. उसन्या वाक्यांनी प्रवेश मिळेलही; परंतु आपली खरी हकिकत पुरेशी नव्हती, हा समज त्या मुलीच्या मनात कायमचा राहील. म्हणून शिक्षकाने प्रश्न विचारावेत, चुका दाखवाव्यात आणि लेखणी तिच्याच हाती राहू द्यावी.