रानात पिकलं ते ताटात येतंच असं नाही

‘शेतकऱ्याच्या घरात खायला काय कमी?’ हे शहरातच नव्हे, गावच्या पारावरही सहज बोललं जातं. ते खरं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी भरली.

मराठवाडा-विदर्भातलं कोरडवाहू रान बघा. खरिपात तिथं मुख्यतः कापूस आणि सोयाबीन. कापूस खाता येत नाही आणि सोयाबीन मळणीयंत्रातून पोत्यात, पोत्यातून आडत्याकडे जातं. याच रानात पूर्वी ज्वारी असायची, मधूनमधून तुरीचे, मुगाचे, अंबाडीचे तास असायचे. धान्य घरात, कडबा गोठ्यात. आता ज्वारी आणि डाळ बऱ्याच घरांत दुकानातून येते. त्यात तणनाशकाची फवारणी झाली की तांदुळजा, घोळ, पाथरी हेही जळून जातं. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत घालून आणायची ती ही फुकटची भाजी. या नुकसानीचा हिशेब कुणीच मांडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘पैसा आला की खाणं आपोआप सुधारतं’ हा दुसरा गैरसमज. पैसा लागतोच. पण सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास एकदम येतो आणि खत-बियाण्याच्या उधारीत, पीककर्जात वाटला जातो. पेरणी-निंदणीची कामं सर्वांत जड असतात तेव्हाच हात रिकामा असतो. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. त्याने पोट भरतं, पण त्यात डाळ नाही की अंडं नाही. दारात म्हैस असली तरी दूध डेअरीला जातं, घरी उरतं ते चहापुरतं. यात त्या घराला दोष देता येणार नाही, कारण नेमाने हातात पडणारा पैसा तेवढाच असतो.

मूल खुजं राहिलं की ‘आईबापावर गेलंय’ म्हणून विषय संपवतात. पण गरोदरपणापासून दोन वर्षांपर्यंतचं खाणं त्याची उंची बरीचशी ठरवतं.

आणि रक्त वाढवायला बीट-डाळिंबच हवं असंही नाही. बाजरीच्या भाकरीत चांगलं लोह असतं. ‘धनशक्ती’ हे जास्त लोहाचं वाण आपल्याच राज्यात प्रसारित झालं. महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलांना सहा महिने जास्त लोहाची बाजरी दिली, तेव्हा त्यांच्यातली लोहाची कमतरता साध्या बाजरीपेक्षा लवकर भरून निघाली. जेवणावर लिंबू पिळलं तर लोह अंगी लागतं, जेवणाला लागून चहा घेतला तर कमी लागतं. मात्र बाई सर्वांत शेवटी जेवायला बसत असेल आणि तिच्या वाट्याला पातेल्यातलं पातळ कालवणच येत असेल, तर लिंबाने भागणार नाही.

येत्या खरिपात सोयाबीनमध्ये चार तास तुरीचे टाका, मूग-चवळीला बांधालगत थोडी जागा द्या आणि तेवढ्या पट्ट्यात तणनाशक मारू नका. घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन उपकेंद्रात तपासून घ्या. १२ च्या खाली असेल, तर गोळ्या सुरू करा आणि तिचं ताट सगळ्यांबरोबरच वाढा.