चिखलाकडे बघायला लावणारी पाटी

खाडीकाठच्या पायवाटेवर पाटी लावणं जंगलातल्यापेक्षा अवघड. जंगलात झाड निदान जागेवर असतं. इथे पाटीवर निवटीचं, म्हणजे चिखलातल्या त्या उड्या मारणाऱ्या माशाचं, झकास चित्र असतं, आणि आपण पोचतो तेव्हा भरती! निवटी दिसणार कशी?

पाटीने वाचणाऱ्याशी खेळावं, ही कल्पना टचस्क्रीनच्या कितीतरी आधीची. न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो इथे 1925 साली फ्रँक लुट्झ या कीटकशास्त्रज्ञाने दोन वाटा आखल्या. पहिल्या वाटेवरच्या चिठ्ठ्या एखाद्या जाणत्या मित्रासारख्या बोलायच्या. दुसरीवर नुसते प्रश्न. शिकलेलं तिथे पडताळून पाहायचं. आजच्या झडपेच्या पाटीत या दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत. वर प्रश्न, झडप उचलली की खाली उत्तर.

मात्र खरी कसोटी प्रश्नाची. ‘तिवराचं शास्त्रीय नाव काय?’ असं विचारलं तर पोरं झडप आपटून पुढे पळतात. ‘हे झाड नको असलेलं मीठ कुठून टाकतं?’ असं विचारा, आणि झडपेखाली उत्तराऐवजी ‘शेजारच्या पानावरून बोट फिरवा’ एवढंच लिहा. तिवर पानांतल्या ग्रंथींमधून मीठ बाहेर टाकतं. कोरड्या दिवसांत त्याचे कण डोळ्यांना दिसतात. (ठाणे खाडीत ते चाखून बघायचा सल्ला मात्र मी देणार नाही.) रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यातला राखाडी पक्षी कोण, हाही असाच प्रश्न. बरेच जण त्याला वेगळीच जात समजतात. ते असतं रोहिताचंच पिल्लू. गुलाबी रंग पुढे शेवाळातून, कोळंबीसारख्या बारीक जिवांतून येतो.

ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ऐरोलीला कांदळवन कक्षाचं जैवविविधता केंद्र आहे, तिवरांतून चालायला वाट आहे. अशा जागी पाटीचे खरे शत्रू खारा वारा आणि ऊन. साधं लोखंडी बिजागर लवकर गंजतं. स्टेनलेस स्टील घ्यायचं तरी 316 प्रतीचं. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते मिठापुढे जास्त टिकतं. स्वस्त छपाईतले लाल-पिवळे रंग उन्हात आधी उडतात आणि गुलाबी रोहित निळसर दिसू लागतो. क्यूआर कोड झिजत नाही म्हणून आयोजकांना आवडतो. मला नाही, मान फोनमध्ये गेली की निवटी बिळात जाते. त्यापेक्षा आजच्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारी हाताने फिरवायची तबकडी पहिल्याच वळणावर लावावी. ती रोज सकाळी फिरवायला माणूस लागेल, आणि निविदेत नेमकी त्याचीच तरतूद नसते.